धाकटीची हजेरी

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. घड्याळजी फुंकतसुद्धा नसत. फुंकताना थेंब उडतात.

त्यांना तसं सबळ कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी एकापाठोपाठ एक राजीनामा दिला, आणि थोरल्या बहिणीने, ताईने, आपल्यातली एक काढून भावाला दिली. दिली ती दिली, पण हक्क सोडला नाही. त्या किडनीचं नाव तिने 'धाकटी' ठेवलं होतं आणि सासरी गेलेल्या मुलीची करावी तशी ती तिची चौकशी करत असे. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं. "धाकटी कशी आहे? पाणी पाजतोस ना तिला?" मग इकडचं तिकडचं बोलणं होई, आणि फोन ठेवता ठेवता, आठवलंच तर, "हो रे, आणि तू बराएस ना?"

परक्या घरात आलेल्या धाकटीला शरीराने हुसकून लावू नये म्हणून घड्याळजी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत. त्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवत. पहारेकरी झोपले की चोरांचं फावतं, एवढं त्यांना डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. गर्दी टाळा, हात धुवा, आजारी माणसापासून लांब राहा. घड्याळजींनी ते इतकं मनावर घेतलं की नवव्या वर्षी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "तुम्ही तब्येतीची काळजी घेता हे छानच आहे, पण आता तुमच्या काळजीलाच काहीतरी पथ्य लावायला हवं." घड्याळजींनी हे वहीत लिहून घेतलं. लिहिताना बाई खोकल्या होत्या. तेही लिहून घेतलं, वेळेसकट.

दुकान त्यांचं घराच्या खालच्या खोलीत होतं. गिऱ्हाइकाने काचेपलीकडून घड्याळ खणात ठेवायचं, खण आत ढकलायचा आणि जे काही सांगायचं ते कागदावर लिहायचं. बोलायला मनाई नव्हती, पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बघत. मग माणूस आपसूकच लिहायला लागे.

आणि होती ती पेटी.

घरात येणारी प्रत्येक वस्तू त्या पेटीत बरोब्बर बहात्तर तास राहत असे. पत्र, पार्सल, औषधांचा डबा, चपलांचं नवं खोकं, कशालाही सूट नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की एवढी काही गरज नाही. घड्याळजी म्हणाले होते, गरज कळेपर्यंत उशीर होतो. पूर्वी पेटीला साधं कुलूप होतं, पण ताई एकदा आली आणि दोन तासांतच हेअरपिनने कुलूप उघडून आपलं पुस्तक काढून घेऊन गेली. मग घड्याळजींनी आपली सगळी विद्या पणाला लावली. पोलादी पेटी केली, कुलपाला आतून घड्याळाचं यंत्र जोडलं. झाकण लावलं की यंत्र सुरू, बहात्तर तास भरले की घंटा वाजून झाकण आपोआप उघडणार. त्याआधी ते घड्याळजींनाही उघडता येणार नाही. पुढच्या वेळी ताईने पेटीच उलटी करून खळाखळा हलवून पाहिली. म्हणून आत एका उथळ वाटीत छर्रा बसवला. पेटी जराशी कलली, छर्रा वाटीतून घरंगळला, की बहात्तर तास पुन्हा पहिल्यापासून. झाकणाला काचेची चकती होती, तिच्यातून छर्रा दिसे. इतकं चोख काम त्यांनी आयुष्यात दुसरं केलं नव्हतं, आणि स्वतःसाठी खणलेला खड्डा इतक्या बारीक मापाने खणणारा माणूसही दुसरा झाला नसेल.

ताई लग्न करत होती. वय अठ्ठावन्न. नवरा मुलगा साठीचा, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा.

जगात इतके धंदे असताना ताईला फुंकण्याचाच धंदा करणारा मिळावा, याचं घड्याळजींना मनापासून वाईट वाटलं. त्यातून त्या वाद्याला खाली एक बारीक झडप असते आणि वाजवून झाल्यावर तिच्यातून साठलेलं पाणी बाहेर काढतात, हे त्यांना कुठूनतरी कळलं. 'पाणी' या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाही.

चार महिन्यांत ट्रम्पेटवाले ताईबरोबर चार वेळा घरी आले होते, आणि चारही वेळा तोच प्रकार झाला. दारात मान लववून नमस्कार. तोंडातून चकार शब्द नाही. खुर्चीच्या टोकावर बसायचे. हळूहळू चेहरा गुलाबी, मग लाल, मग वांग्याच्या वळणावर जायचा. कपाळावर घाम. डोळे बाहेर. मग एकदम उठायचे, गॅलरीत जायचे आणि तिथेच उभे राहायचे. घड्याळजींनी वहीत नोंद केली होती: 'दर भेटीत ताप. चढण्यास दीड मिनिट. रोग ओळखू येत नाही, म्हणजे नवा असावा.'

"तो लाजतो रे," ताई म्हणायची आणि हसत सुटायची. ती हसायला लागली की खांद्यापासून गुडघ्यापर्यंत हलायची, शेजारचं टेबलही हलायचं.

लग्न नोंदणी कचेरीत होणार होतं, शुक्रवारी साडेअकरा वाजता. पुढे ढकलायला जागाच नव्हती, कारण रविवारी ट्रम्पेटवाल्यांचा बँड सहा महिन्यांसाठी एका मोठ्या जहाजावर निघणार होता आणि जहाजाच्या नियमात वाजवणाऱ्याला फक्त लग्नाची बायको बरोबर नेता येत होती. साक्षीदार दोन हवेत. एक बँडमधला ड्रमवाला. दुसरा कोण, हा प्रश्नच नव्हता.

"सही तू करायची," ताईने सांगितलं होतं. "फोनवरून नाही, खिडकीतून नाही. तिथे, खोलीत. माझी एक किडनी माझ्याकडे, एक तुझ्याकडे. स्वतःच्या लग्नाला मी अर्धवट हजर राहणार नाही."

घड्याळजी "हो" म्हणाले. मग त्यांनी त्या कचेरीची माहिती काढली. एक खोली, दोन खिडक्या, त्यातली एक रंगाने चिकटून बसलेली, दिवसाला सोळा लग्नं. एका लग्नाला सरासरी आठ माणसं आणि प्रत्येक जण रडणार किंवा हसणार. त्यांनी गुणाकार केला. मग ते गुपचूप शेजारच्या वायरमनकडे गेले, म्हणजे त्याच्या खिडकीखाली उभे राहिले, आणि माझ्याऐवजी सही करशील का म्हणून विचारलं. वायरमन भला माणूस. त्याने लगेच शर्ट इस्त्रीला टाकला. आता फक्त ताईला सांगायचं राहिलं होतं. घड्याळजी ते रोज उद्यावर टाकत होते.

मंगळवारी ताई धापा टाकत आली. तिच्या घरातलं सगळं सामान खोक्यांत भरलेलं होतं, काय कुठे गेलं याचा पत्ता नव्हता. तिने दुकानाच्या खणात एक जाड पाकीट ठेवलं. "दोघांचे मूळ कागद आहेत. माझ्याकडे राहिले तर खोक्यात जातील. तुझ्याकडे काही हरवत नाही. कपाटात ठेव आणि शुक्रवारी घेऊन ये!"

"ठेवतो," घड्याळजी म्हणाले. चिमट्याने पाकीट उचललं, नऊ वर्षांच्या सवयीने पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. खट्.

त्या खट् आवाजानंतर घड्याळजी काही क्षण समाधानाने उभे होते. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. अकरा चाळीस. मंगळवार. त्यांनी बोटं मोजली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. अकरा चाळीस. लग्न साडेअकराला.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग हात धुतले. मग कपाळ धुतलं.

फोनवर हे सगळं त्यांनी ताईला सांगितलं. पलीकडून एक बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि मग ताई जी हसायला लागली ती थांबेचना.

"ताई, हसू नकोस, कागद अडकलेत!"

"तुरुंगात! माझं लग्न तुरुंगात! अरे, जामीन तरी दे!"

"फोडता येत नाही. मीच बनवलीय."

"मग पेटीच घेऊन ये. साडेअकराला जाऊ, दहा मिनिटं गप्पा मारू, पेटी उघडेल. पण छोट्या, आडवी करू नकोस हं."

घड्याळजींनी आधी वायरमनला शिकवून बघितलं. हातात ताट, ताटात काचेची गोटी, दारापासून जिन्यापर्यंत चालायचं. गोटी तीन वेळा पडली, चौथ्यांदा वायरमन पडला. ताईच्या हाती पेटी देणं म्हणजे भूकंपाच्या हाती देणं. ट्रम्पेटवाल्यांना चढता ताप. राहता राहिला एकच माणूस, ज्याचा हात तीस वर्षं केसाएवढे स्क्रू उचलताना थरथरला नव्हता. त्या माणसाला त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी घड्याळजी निघाले. दोन मास्क, चष्मा, गळ्यात सॅनिटायझरची बाटली आणि दोन्ही हातांत पेटी. रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही हात गुंतलेले असताना गळ्यातल्या बाटलीचा उपयोग गाईच्या गळ्यातल्या घंटेइतकाच आहे. टॅक्सीत बसावं, तर टॅक्सीवाला वळणं घेताना स्वतःही कलत होता. शेवटी ते बसमध्ये चढले आणि मधोमध, गुडघे किंचित वाकवून, समुद्रावरच्या खलाशासारखे उभे राहिले.

समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय आहे पेटीत? साप?"

"कागद."

"मग काठोकाठ भरलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी का धरलीस?"

"कलली तर आतला छर्रा घरंगळेल आणि माझ्या बहिणीचं लग्न मोडेल."

आजीबाईंनी यावर विचार केला. त्यांच्या वयात त्यांनी याहून क्षुल्लक कारणांनी मोडलेली लग्नं बघितली असावीत. "चष्म्यावर वाफ धरलीय तुझ्या," त्या म्हणाल्या, "छर्रा का काय तो दिसायचा कसा तुला?" आणि त्यांनी बाहीतून एक रुमाल काढला. घड्याळजींनी तो रुमाल येताना पाहिला. त्या रुमालाने बरंच जग बघितलं होतं. ते "नको" म्हणणार तोच चष्मा नाकावरून उतरला, पुसला गेला आणि परत बसला. मग आजीबाईंनी, चष्मा बसवताना, मास्कवरूनच त्यांचं नाकही खाजवून दिलं. ते मघापासून खाजत होतं. आजीबाईंना कसं कळलं देव जाणे.

घड्याळजींच्या अंगावर काटा आला. पण त्या काट्याखाली, अगदी तळाशी, काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. नऊ वर्षांत कुणी त्यांचं नाक खाजवलं नव्हतं. छर्रा जागेवर होता.

कचेरीत ते अकरा एकतीसला पोचले. आत टेबलामागे अधिकारी बाई, समोर ताई आणि ट्रम्पेटवाले, आणि कोपऱ्यात कडक इस्त्रीच्या शर्टात, वायरमन. त्याला 'येऊ नकोस' सांगायचं घड्याळजी विसरले होते.

"आला! धाकटी आली!" ताई ओरडली. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. "हे कोण?"

"मी यांच्याऐवजी," वायरमन नम्रपणे म्हणाला. "हे यायचे नव्हते ना. आठवडा झाला ठरून."

ताईचं हसू थांबलं. घड्याळजींनी ते इतक्या वर्षांत एकदाच थांबलेलं पाहिलं होतं, तेही भूल दिल्यावर.

"ऐवजी?" ती म्हणाली.

घड्याळजींच्या हातातली पेटी पहिल्यांदाच थरथरली. वाटीतला छर्रा काठापर्यंत गेला, तिथे जरा घुटमळला आणि परत आला.

"ऐवजी नाही," घड्याळजी म्हणाले. "आधी तसं होतं. आता सोबत. तुझा दुसरा साक्षीदार कुठाय?"

ताईने खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडच्या बाकावर ड्रमवाला बसला होता आणि हात हलवत होता. "त्याला सकाळी सर्दी झाली. म्हटलं, माझा भाऊ येणारे, तू तिकडेच बस. दुसरा साक्षीदार बघू ऐनवेळी."

म्हणजे ताईने आपला साक्षीदार याच्यासाठी सोडला होता, आणि याने तिच्यासाठी बदली माणूस आणला होता. हे लक्षात यायला दोघांना सारखाच वेळ लागला. ताईचे खांदे आधी हलले.

"हसून झालं असेल तर," अधिकारी बाई म्हणाल्या, "तुमची वेळ पावणेबाराला संपते. कागद?"

"अकरा चाळीसला उघडतील," घड्याळजी म्हणाले. "नऊ मिनिटं आहेत."

बाईंनी भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळाकडे बोट केलं. "अकरा सदतीस झालेत. तुमच्या अकरा चाळीसला माझे अकरा शेहेचाळीस होतील. बाहेर पुढचं जोडपं उभं आहे."

"तुमचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे!"

"असेल. या खोलीत तेच कायदा आहे. दोन वर्षांत सहा पत्रं पाठवली दुरुस्तीसाठी. सहा मिनिटं, सहा पत्रं."

घड्याळजींनी त्या घड्याळाकडे बघितलं. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ त्यांना रडणाऱ्या तान्ह्या मुलासारखं वाटे, दुर्लक्ष करणं जमत नसे. "मी दुरुस्त केलं तर?"

"सरकारी घड्याळाला हात लावायला अर्ज लागतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची पलीकडच्या भिंतीकडे वळवली. "पण मी आत्ता तिकडे बघत बसणार आहे. पाठ फिरवली की काही दिसत नाही."

वायरमनने स्टूल आणलं. घड्याळजी चढणार, तर हातात पेटी. ताईने हात पुढे केले. हात अजून हसत होते. वायरमन स्वतःहून दोन पावलं मागे सरला. मग ट्रम्पेटवाल्यांनी, मान लववून, दोन्ही तळवे समोर धरले.

घड्याळजींनी डोळे मिटले आणि पेटी दिली.

डोळे उघडले तेव्हा छर्रा वाटीच्या मधोमध होता, चित्रात काढल्यासारखा. ट्रम्पेटवाले खांबासारखे स्थिर होते. घड्याळजी स्टुलावर चढले, काट्यांना हात घातला, लंबकाखालची चकती दोन फेरे खाली उतरवली. सहज खाली बघितलं तर ट्रम्पेटवाले गुलाबी. मग लाल. कपाळावर घाम.

"ताई! यांना ताप चढतोय!"

"ताप कुठला! श्वास रोखलाय त्याने."

"का?"

"तुझ्यासाठी. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, माझ्या भावासमोर श्वाससुद्धा जपून घे. गमतीने रे! त्याने मनावर घेतलं. दीड मिनिट जमतं त्याला. मग गॅलरीत जाऊन सोडतो."

"चार महिने?"

"मी सांगणार होते. पण मला दर वेळी हसू येतं."

घड्याळजी स्टुलावरून त्या लालबुंद माणसाकडे बघत राहिले. वहीतल्या चार नोंदी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. जगात आपल्याइतकी आपली काळजी घेणारं आणखी कुणी असेल अशी शंका त्यांना कधी आलीच नव्हती.

"सोडा!" ते ओरडले. "अहो, श्वास सोडा! मी परवानगी देतो!"

ट्रम्पेटवाल्यांनी मान तेवढी खिडकीकडे वळवली आणि श्वास सोडला. एकदम नाही. बारीक, लांब, एकसारखा, जणू शेवटचा सूर. पेटी केसभरही हलली नाही. आणि त्याच क्षणी दोन वर्षांची सरकारी धूळ घड्याळावरून घड्याळजींच्या मास्कमध्ये शिरली.

ते शिंकले.

पेटी धरलेले ट्रम्पेटवाले सोडून खोलीतले सगळे एकदम दचकले. अधिकारी बाईंनी तोंडावर फाईल धरली. वायरमन दाराशी पोचला. रस्त्यापलीकडून ड्रमवाल्यानेही, काय झालं ते न कळता, अंतर वाढवलं.

"लांब व्हा, लांब व्हा!" ताई टेबलाला धरून म्हणाली. "धाकटी शिंकली!"

आता हसण्यापुढे इलाज नव्हता. स्टुलावर उभा असलेला माणूस हसायला लागला तर स्टूल हसतं. वायरमनने ते धरलं. अधिकारी बाई फाईलमागे हसल्या. फक्त ट्रम्पेटवाले हसले नाहीत. त्यांच्या हातात पेटी होती.

घंटा वाजली. झाकण उघडलं. भिंतीवर अकरा चाळीस झाले होते, दोन वर्षांत पहिल्यांदा खरे.

कागद तपासले गेले, शपथा झाल्या. साक्षीदारांच्या सह्या, एक वायरमनची, एक घड्याळजींची. घड्याळजींनी खिशातून पिशवीत बंद केलेलं स्वतःचं पेन काढलं.

"रजिस्टरला तीच शाई लागते," अधिकारी बाई म्हणाल्या आणि दोरीने टेबलाला बांधलेलं पेन पुढे केलं. दिवसाला सोळा लग्नं. घड्याळजींच्या डोक्यात गुणाकार सुरू झाला. त्यांनी ताईकडे बघितलं. ती आता हसत नव्हती, पण ते थांबणं वेगळं होतं.

त्यांनी पेन उचललं. ते कोमट होतं. सही केली, ठसठशीत.

"धाकटी?" ताईने हळूच विचारलं.

"हजर," घड्याळजी म्हणाले.

मग त्यांनी हात धुतले. नेहमी चार वेळा धुत, आज दोनदा. तिसऱ्यांदा धुवायला वेळ नव्हता, कारण बाहेर पायऱ्यांवर ट्रम्पेट वाजायला लागलं होतं. ट्रम्पेटवाले सगळ्यांपासून पंधरा पावलं लांब, वाद्याचं तोंड आभाळाकडे करून वाजवत होते. पलीकडे ड्रमवाला बाकावर ठेका धरत होता, मधूनच समेवर शिंकत होता. पुढचं जोडपं आपली वेळ विसरून दारातच नाचत होतं. घड्याळजींचा एक पाय ठेका धरतोय हे वायरमनने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

वाजवून झालं. ट्रम्पेटवाल्यांनी वाद्य काखोटीला मारलं आणि खालची झडप उघडायची म्हणून रस्ता ओलांडून थेट पलीकडच्या गटाराकडे निघाले. अख्ख्या चार महिन्यांत घड्याळजींनी त्यांना कधी हाक मारली नव्हती.

"अहो दाजी! एवढं लांब कशाला? इथेच काढा!"

ट्रम्पेटवाले वळले. त्यांचा चेहरा उजळला. ते भराभर परत यायला लागले.

"म्हणजे," घड्याळजी म्हणाले, "जरा तिकडे."